कोऱ्या कापडाच्या रेघा

भिवंडीत सूर्याला लागून असलेलं आकाश निळं नसतं, पांढुरकं असतं. तिथे जन्मूनही हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. सरांनी दाखवलं. शाळेच्या गच्चीवर त्यांनी मला हात लांब करायला लावला, अंगठ्याआड सूर्य धरायला सांगितला आणि विचारलं, अंगठ्याच्या कडेला रंग कोणता? मी म्हटलं, पातळ दुधासारखा. ते म्हणाले, तो सुताचा तूस. हजारो लूम रोज हवेत उडवतात तो. मला जे बघायचंय ते त्याच्या पलीकडे आहे.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्यांच्याच हाताखाली शिक्षक झालो. आमचं घर नारपोलीत. वडील आणि थोरला भाऊ दोघेही लूमवर. घरात पहिला पदवीधर मी, आणि त्या पदवीत सरांचा हात किती होता हे मला पूर्ण माहीत आहे. म्हणूनच पुढचं लिहिताना जड जातं. पण आता माझंही वय झालं, आणि न लिहिता राहवत नाही.

सरांना काय बघायचं होतं ते आधी सांगतो. सन ऐंशीच्या खग्रास ग्रहणाला ते शाळेतली बारा मुलं घेऊन कर्नाटकात गेले होते. चंद्राने सूर्य पूर्ण झाकला तेव्हा त्यांतला एक मुलगा अंधाराने भेदरून रडू लागला. सर त्याला जवळ घेऊन बसले. मान वर केली तेव्हा ग्रहण सुटायला आलं होतं. सूर्याच्या कडेला गुलाबी रंगाची एक ज्वाला त्यांना क्षणभर दिसली आणि लगेच उजेड फुटला. सूर्याच्या पृष्ठभागातून उसळणाऱ्या या ज्वाला रोज असतात, पण सूर्याच्या झगझगाटात दिसत नाहीत. सरांना ती पुन्हा बघायची होती, नीट, आणि पुढच्या ग्रहणाची वाट न बघता.

त्यासाठीचं यंत्र म्हणजे करोनाग्राफ. पडघ्याच्या रस्त्याने चालताना समोरून ट्रक आला की आपण हेडलाइटसमोर तळहात धरतो आणि मग कडेने चाललेला माणूस दिसतो. यंत्राचं तत्त्व तेच. दुर्बिणीच्या आत, जिथे सूर्याची प्रतिमा पडते, तिथे बरोबर तिच्या मापाची पितळी चकती बसवायची. सूर्य झाकला गेला की कडेच्या ज्वाला उरतात. पण एवढ्याने भागत नाही. पुढच्या भिंगाच्या काठावरून थोडा प्रकाश वाकून आत येतो आणि त्याचं तेजस्वी कडं तयार होतं. ते अडवायला मागे त्या कड्याहून थोडं लहान भोक असलेली पट्टी ठेवावी लागते. आणि इतकं करूनही पुढच्या भिंगावर एखादा ओरखडा असेल, तर तो स्वतःच सूर्यासारखा चमकतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून पुढे भिंग एकच, साध्यात साधं आणि अगदी निर्दोष लागतं. असं भिंग विकत मिळेना, तेव्हा सरांनी ते घरी घासायला घेतलं.

घाई होती. मधुमेहाने सरांच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजवा किती दिवस, ते डॉक्टर सांगत नव्हते. सर ही गोष्ट वर्गात सुट्टीची सूचना वाचावी तशी सांगायचे.

घरामागच्या पडवीत त्यांनी पाण्याचं पिंप वाळूने भरून उभं केलं. त्यावर डांबराची चकती, तिच्यावर काच घासायची गुलाबी पूड आणि पाणी, आणि वर भिंग. चार-सहा फेरे मारायचे, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा फेरे मारायचे. शाळेआधी एक तास, शाळेनंतर एक तास. आठ महिने. ओल्या चादरी टांगून त्यांनी पडवीत तूस येऊ दिला नाही. त्यांची बायको म्हणायची, माझ्या स्वयंपाकघराला कधी अशी चादर लाभली नाही.

पितळी चकत्या नारपोलीतल्या, लेथ चालवणाऱ्या एका खरादवाल्याने बनवल्या. तो मूळचा उत्तरेकडचा, विणकरांच्या घरातला. लूमचे सुटे भाग बनवायचा. मी त्याला चाचा म्हणायचो. तो सरांना बडे मास्टर आणि मला छोटे मास्टर म्हणायचा. सरांनी त्याच्याकडे तीन मापांच्या चकत्या मागितल्या तेव्हा त्याने मशीन बंद केलं. एकाच सूर्याला तीन मापं कशाला, हे त्याला पटेना. सरांनी सांगितलं की पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते, म्हणून तेव्हा सूर्य किंचित मोठा दिसतो, आणि जुलैत लहान.

चाचाने माझ्याकडे बघितलं. "सर्दी में नज़दीक, गर्मी में दूर? छोटे मास्टर, ये तुमको भी यही पढ़ाए थे?"

मी हो म्हटलं.

"फिर पास कैसे हुए तुम?"

चकत्या मात्र त्याने अशा बनवल्या की सरांनी त्या मोजून परत मोजल्या. सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहान यांत मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याचा फरक होता, आणि तेवढाच होता. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुंबईच्या प्रयोगशाळेतून बाद झालेला, कडेचा टवका उडालेला लाल फिल्टर आणून दिला, ज्वालांच्या रंगाचा उजेड तेवढा पुढे सोडणारा. नळी, स्टँड, सगळं पंच्याऐंशीच्या डिसेंबरअखेर तयार झालं. शेवटी भिंग तेवढं त्याच्या पितळी कड्यात बसवायचं राहिलं होतं. ते काम चाचाच्या कारखान्यात व्हायचं होतं आणि भिंग न्यायला-आणायला मी होतो.

सरांचा नियम एकच होता: भिंग पुसायचं नाही. धूळ बसली तर रबरी फुग्याने उडवायची. तरी राहिली तर उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन निथळत ठेवायचं. हा नियम मीच त्यांच्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवला होता.

कड्यात बसवलेलं भिंग सकाळी शाळेत द्यायचं होतं. संध्याकाळी मी ते घरी नेलं. का नेलं, तर वडिलांना दाखवायला. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याचं कापड विणलं त्यांना माझ्या हातातली ही वस्तू दिसावी, एवढंच होतं. भाऊ शिफ्ट संपवून आला, त्याच्याबरोबर दोघे-तिघे आले. मी डबा उघडून सगळ्यांना समजावत बसलो. अर्धा तास डबा उघडा राहिला. त्यांच्या कपड्यांतून, केसांतून तूस उडत होता. शेवटी पाहिलं तर भिंगावर बारीक पांढरी लव बसली होती. फुगा शाळेत. मी तोंडाने फुंकर मारली, तर वाफेने ती आणखी चिकटली.

धुवायला हवं होतं. पण घरी न्यायची परवानगी मी घेतली नव्हती आणि रात्रीतून वाळलं नाही तर पाण्याचे डाग पडतील ही भीती होती. मी आईकडे स्वच्छ कापड मागितलं. आईने पेटीतून कोऱ्या मलमलीचा तुकडा काढून दिला. भावाने लूमवरून आणलेला, ताग्याच्या शेवटचा.

"कोरं हाय," ती म्हणाली. "कुनाचा हात न्हाय लागला त्याला."

आमच्या घरात, आमच्या सगळ्या वस्तीत, कोऱ्या कापडाहून स्वच्छ काही नव्हतं. जन्मलेल्या बाळाला ते, बुद्धवंदनेला टेबलावर अंथरायला ते, माणूस गेला की अंगावर ते. मी त्या तुकड्याची घडी केली आणि भिंगावरून तीन-चारदा सरळ फिरवली. भिंग लख्ख झालं, आधीपेक्षाही. मी आनंदाने झोपलो.

लूमवर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, धागा तुटू नये म्हणून. खळीत पिठाबरोबर वजनाला पांढरी मातीही असते. पहिल्या धुण्यापर्यंत ती कापडात तशीच राहते. विणकराच्या घरात वाढलेल्या मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. लहानपणी सायझिंगच्या, म्हणजे खळ लावायच्या, कारखान्यात त्या मातीची पोती मी पाहिली होती. मला फक्त ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर आम्ही सूर्य चकतीमागे आणला. दिसलं ते लाल धुकं. चकतीभोवती सगळीकडे सारखं, गच्च. सरांनी पहिल्यांदा आकाशाला दोष दिला. मग त्यांनी डोळ्याजवळचं मागचं भिंग काढलं आणि मला म्हणाले, आता डोळा लाव, पुढचं भिंगच दिसेल. त्यावर जे काही असेल ते चमकेल. त्यांचं स्वतःचं बघून झालं होतं, पण त्यांना फक्त उजळपणा कळत होता. बारीक काही दिसत नव्हतं.

मी डोळा लावला. काळ्या गोलात तेजस्वी रेघा होत्या. केसाहून बारीक, शेकडो, एकमेकींना समांतर. माझ्या हाताच्या फिरण्याइतक्या सरळ. मला त्याच क्षणी कळलं.

सरांनी विचारलं, काय आहे?

मी म्हटलं, "रेघा आहेत सर, बारीक."

हे खोटं नव्हतं. सरळ आहेत, एवढं मी सांगितलं नाही.

सर खाली बसले. म्हणाले की डांबरात खडा अडकला असणार आणि ते त्यांना दिसलं नाही. "आता माझ्या हातावर विश्वास ठेवता येत नाही म्हणायचा."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पायऱ्या उतरताना बोलायला हवं होतं. सर पुन्हा पिंपाभोवती फिरू लागले, त्या पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. दहा आठवडे गेले. दर रविवारी मी चादरी ओल्या करून टांगायला जायचो आणि त्यांना फिरताना बघायचो. डांबराची चकती त्यांनी तीनदा नवी ओतली. प्रत्येक वेळी खडा शोधत होते. पूर्वी भिंगावर हात फिरवताना ते मुलांच्या गमती सांगायचे. आता गप्प असायचे. दोन फेऱ्यांनंतर थांबून बोटांकडे बघायचे. तरी माझं तोंड उघडायचं नाही. त्यांनी मला उभं केलं होतं आणि मला त्यांच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

मार्चच्या शेवटी सरांनी पाहायला म्हणून भिंग पुन्हा नळीत बसवलं. धुकं थोडं कमी झालं होतं. रेघा काही गेल्या होत्या, खोल होत्या त्या राहिल्या होत्या. चाचा त्या दिवशी स्टँडचा एक स्क्रू बदलायला गच्चीवर आला होता. सरांनी त्यालाही बघ म्हणून सांगितलं. तो बघत राहिला. खाली उतरल्यावर त्याने मला जिन्यापाशी थांबवलं.

"पॉलिश का निशान घूमता है, छोटे मास्टर. ये सीधा है. कपड़े का है, वो भी कोरे का. मेरा बाप बुनकर था."

हातातला पाना त्याने खिशात घातला.

"मैं नहीं बोलूँगा," तो म्हणाला. "पर बुड्ढा आदमी अपने हाथ को गाली दे रहा है. वो मुझसे देखा नहीं जाता."

मी तसाच वर गेलो. सर नळीवर कापड टाकत होते. मी सगळं सांगितलं. घरी नेल्याचं, डबा उघडा ठेवल्याचं, कोऱ्या कापडाचं, आणि पहिल्याच दिवशी ओळखलं होतं हेही. सांगताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे माझं पॉलिश चांगलं होतं?"

"हो सर."

"खडा नव्हताच?"

"नव्हता."

ते कठड्याला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही आलं, आणि ते बघणं मला कुठल्याही शिव्यांपेक्षा अवघड गेलं. दहा आठवडे मी त्यांच्यापासून केवढी गोष्ट लपवली होती ते मला तेव्हा कळलं. मी भिंगाचा विचार करत होतो. ते हाताचा करत होते.

राग आला नाही असं नाही. ते म्हणाले, "मी रागावलोय. पुष्कळ. पण डोळ्यात जो उजेड शिल्लक आहे तो तुझ्यावर रागावण्यात घालवणार नाही. उद्यापासून पिंपाभोवती तू फिरायचंस."

एप्रिल, मे, जून मी फिरलो. उन्हाने डांबर मऊ व्हायचं म्हणून उजाडताच सुरुवात. सरांना आता भिंग जवळून दिसत नव्हतं. ते माझ्या हातावर हात ठेवून चालायचे. भिंग चकतीला कुठे ओढ घेतं, कुठे सहज सरकतं, ते त्यांना माझ्या मनगटातून कळायचं. हळू, म्हणायचे. इथे दाबतोयस. लग्न ठरलेल्या मुलासारखी घाई करू नकोस. त्या तीन महिन्यांत त्यांनी मला जे शिकवलं ते मी त्यांच्या वर्गात कधी शिकलो नव्हतो, आणि ते मला मिळावं असं मी काहीही केलेलं नव्हतं. भिंग झालं तेव्हा आईने विचारलं, पुसायला काय देऊ? मी म्हटलं, काही नको. कापडाचं तिला मी कधीच सांगितलं नाही. त्यात तिची चूक नव्हती.

पुढची काही वर्षंही सांगून टाकतो. सरांचा उजवा डोळा दोन वर्षांत गेला. ते दहा आठवडे आधी मिळाले असते तर त्यांना किती जास्त दिसलं असतं? डॉक्टरांना मी विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, सांगता येत नाही. मी त्या उत्तरासोबतच राहतो. दर रविवारी मी सूर्य बघून कागदावर काढायचो आणि सरांकडे जाऊन सांगायचो. दशकाच्या अखेरीला सूर्य जोरात आला. ज्वालांच्या मोठाल्या कमानी उठायच्या. मी सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. नव्वदनंतर एकदा वर्तमानपत्रात आलं होतं की डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीत अशीच चकती घालून एका ताऱ्याचा उजेड झाकला आणि त्याच्या शेजारचा कितीतरी पट मंद जोडीदार टिपला. मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांचं भिंग पुसायला कोण आहे ते दिलंय का?" असा चिमटा ते वर्षातून दोन-तीनदा काढायचे. मला तो हवासा वाटायचा. विषय त्यांनी गाडून टाकला असता तर मला जास्त लागलं असतं.

पण ज्या दिवसासाठी हे सगळं केलं तो शहाऐंशीच्या ऑक्टोबरमधला. परतीच्या पावसाची जोराची सर रात्री पडून गेली होती. एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं पडघ्याजवळ शेत होतं. सकाळी टेम्पोत नळी घालून आम्ही तिघं तिथे गेलो. सर, चाचा आणि मी. हायवेवरून ट्रक जात होते, पण शेतात धूळ नव्हती. सरांनी मला अंगठा धरायला सांगितला. कडेपर्यंत निळं होतं. मी तसं सांगितलं. तरी त्यांनी चाचाला पण धरायला लावलं, साक्षीदार म्हणून.

आमच्या स्टँडला मोटर नव्हती. सूर्य सारखा सरकतो, त्याला चकतीमागे ठेवायला कोणीतरी दोन स्क्रू एकसारखे फिरवत राहावं लागतं. त्याची कड जराशी बाहेर आली की सगळं भडक होतं आणि बारीक काही असेल ते बुडतं. चाचाने स्क्रू धरले. सरांनी आधी मला बघायला सांगितलं. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, अरे, आधी आहे की नाही ते तर कळू दे.

धुकं नव्हतं. काळ्या चकतीची कड स्वच्छ, आणि डावीकडे वर एक लाल ठिपका. डोळा स्थिरावला तशी ती ज्वाला झाली. काठावरून उठलेली, वर किंचित वाकलेली, सुटलेल्या धाग्याच्या टोकासारखी.

मी बाजूला झालो. सर स्टुलावर बसले, डोळा लावला. मग म्हणाले, "लाल आहे."

"हो सर."

"आकार लागत नाही मला. काहीतरी लाल आहे, डावीकडे. तू सांग."

मला कमान सांगता आली असती. त्यांनी ग्रहणात पाहिली होती तिच्याहून मोठी. त्यांना कुठे दिसणार होतं, आणि त्यांना किती आनंद झाला असता. ते तोंडात आलं होतं, हे मी लपवत नाही.

मी म्हटलं, "लहान आहे सर. एकच आहे. सरळ उठते आणि वर जराशी उजवीकडे कलते. बाकी कडेला कुठे काही नाही."

"लहान म्हणजे किती?"

मी चाचाला स्क्रू तसेच धरायला सांगून पुन्हा पाहिलं. चकतीच्या रुंदीशी ताडून बघितलं. "व्यासाचा तिसावा हिस्सा असेल. त्याहून जास्त नाही."

सरांचे ओठ हलले. ते तोंडी गणित करत होते.

"साडेतीन पृथ्व्या," ते म्हणाले. "एकावर एक. आणि हा लहान म्हणतो." मग चाचाकडे वळून, "सुना उस्ताद? इसको साढ़े तीन दुनिया भी कम पड़ती हैं."

चाचा म्हणाला, "जवान है, बड़े मास्टर."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. सरांनी पुन्हा डोळा लावला. म्हणाले, दिसतंय तोवर बघून घेतो. चाचाची बोटं आखडली होती. मी त्याच्या हातून स्क्रू घेतले. सर बघत होते तोवर, जवळजवळ तासभर, मी सूर्य चकतीबाहेर येऊ दिला नाही.